थेरपिस्ट गोरी, आपण देसी: अमेरिकेत थेरपी घेताना काय विचारायचं, कधी बोलायचं, कधी सोडायचं

बाबा गेले तेव्हा मी न्यू जर्सीत होतो आणि पासपोर्टवर व्हिसाचं चालू स्टॅम्पिंग नव्हतं. एचवनबीवाल्यांना, म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना, वेगळं सांगायला नको, गेलो असतो तर परत कधी येता आलं असतं ह्याचा पत्ता नव्हता, म्हणून गेलोच नाही. दहावा कराडला प्रीतिसंगमावर झाला, धाकट्या भावाने केला, आणि मी इकडे रात्री साडेबाराला किचनच्या टेबलाशी बसून व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओवर बघत होतो. कावळा काही शिवेना. पाऊण तास झाला. शेवटी काकांनी फोन पिंडाजवळ धरला नि म्हणाले, "तू बोल, तुझ्यासाठीच थांबलाय." बोललो. आईचं मी बघतो म्हणालो. तरी नाहीच. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, सगळे हातपाय धुवायला गेले, आणि मी फोन कट करून तसाच बसून राहिलो.

चार महिन्यांनी झोप पार गेली तेव्हा थेरपीला गेलो आणि हे सगळं एका गोऱ्या बाईंना इंग्रजीत सांगायची वेळ आली. "द क्रो डिड नॉट टच द राइस बॉल." बोलताबोलताच कळलं की ह्या वाक्यात काही उरलेलंच नाहीये. त्या छान हसल्या, किती सुंदर विधी आहे म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न, रात्री साधारण किती तास झोप लागते?

तेव्हापासून साडेतीन वर्षं झाली. पहिली थेरपिस्ट गोरी, मधे एका देसी थेरपिस्टकडे दोन सेशन, आणि आता दोन वर्षं एक ब्लॅक बाई. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक बाजूला घेऊन हळूच विचारतात की तू जातोस ना तिकडे, कसं असतं, आपला माणूस शोधायचा की कोणीही चालतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. मी डॉक्टर नाही, आयटीवाला आहे, पण स्वतःवर बेतल्यावर माणूस वाचतो तसं भरपूर वाचलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचता येईल: थेरपिस्टचा वंश वेगळा असला म्हणून थेरपी बिघडत नाही, दोघंही ते दिसतच नसल्यासारखं वागायला लागले की बिघडते.

आणि एक, जीव द्यायचे विचार येत असतील तर हे वाचत बसू नका, 988 ला फोन किंवा मेसेज करा, जुलै 2022 पासून हा नंबर अख्ख्या अमेरिकेत चालतो. भारतात कोणासाठी हवं असेल तर टेलिमानस, 14416, तिथे मराठीत बोलता येतं.

1. "आपला माणूस" म्हणजे नक्की कोण, ते आधी ठरवा

सगळे म्हणतात आपला हवा. पण आपला म्हणजे रंगाने? भाषेने? की जो स्वतः इथे बाहेरून आलाय, ज्याला ग्रीन कार्डची रांग म्हणजे काय ते माहितीये असा? हे सगळं एकाच माणसात मिळणं अवघड, म्हणून कागदावर लिहा आणि त्यातल्या कुठल्या एका गोष्टीवर तुम्ही हटणार नाही ते ठरवा. काहींना बाई की पुरुष हेच सगळ्यात महत्त्वाचं असतं, तेही चालतं.

ह्यावर अभ्यास भरपूर झालाय. 2011 मध्ये काब्राल आणि स्मिथ ह्या दोघांनी तोवरची सगळी संशोधनं एकत्र करून तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. लोकांना आपल्याच वंशाचा थेरपिस्ट हवा असतो का? हो, बऱ्यापैकी, आकडा 0.63 (ह्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे काहीच फरक नाही, 0.8 म्हणजे मोठा फरक). तो मिळाला तर जास्त चांगला वाटतो का? थोडा, 0.32. आणि त्याच्याकडे जाऊन जास्त बरं वाटतं का? इथे आकडा 0.09, म्हणजे फरक नाहीच म्हणा. ब्लॅक अमेरिकन पेशंटांमध्ये मात्र ह्यापेक्षा जास्त फरक दिसला, आणि त्यांचा इथला इतिहास बघता त्यात नवल नाही.

म्हणजे वंशाचा काही संबंधच नाही का? तसंही नाही. स्टॅनली सू नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात सिएटल भागातल्या 17 सरकारी मदतीच्या केंद्रांमधले जवळपास 14 हजार पेशंट तपासले, तर अल्पसंख्याक वंशातले साधारण निम्मे लोक पहिल्या सेशननंतर परत आलेच नव्हते, गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण 30 टक्के होतं. जो परत आलाच नाही त्याला बरं वाटलं की नाही हे मोजणार कसं! खरी गळती पहिल्या तासाभरातच होते. त्याच सूंनी 1991 मध्ये लॉस एंजेलिसचे आकडे मांडले, त्यात ज्यांना इंग्रजी नीट येत नव्हतं त्यांच्या बाबतीत थेरपिस्ट आपल्या समाजाचा आणि भाषेचा असणं खूप जास्त महत्त्वाचं निघालं.

म्हणून माझा साधा हिशोब असा, की रंगाआधी भाषा बघा. स्वतःला विचारा, तुम्ही भांडता कुठल्या भाषेत, आणि आजारी असताना कण्हता कुठल्या? माझा राग इंग्रजीत मस्त निघतो, ऑफिसने शिकवलंय. पण घालमेल इंग्रजीत होतच नाही. ज्यांचं दुखणं ऑफिसचं आहे, बर्नआउट, लेऑफची भीती वगैरे, त्यांना इंग्रजीत फार अडचण येत नाही. ज्यांचं दुखणं घरचं आहे त्यांनी हिंदी किंवा मराठी येणारं माणूस आधी शोधून बघावं, नाही मिळालं तर पुढचं वाचा.

2. शोधाशोध

हे पटकन आटपतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे औषधं देणारे एमडी. सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, फॅमिली थेरपिस्ट, काउन्सेलर ह्या सगळ्यांकडे बोलण्याची थेरपी मिळते आणि डिग्रीच्या अक्षरांवरून माणूस कसा आहे ते कळत नाही. लायसन्स तुम्ही ज्या राज्यात बसून बोलणार त्या राज्यात चालणारं लागतं, थेरपिस्टच्या राज्यातलं नुसतं असून उपयोग नाही. सायपॅक्ट म्हणून एक करार आहे त्यातल्या राज्यांत सायकॉलॉजिस्टना एकमेकांच्या हद्दीत व्हिडिओवर काम करता येतं, पण सगळी राज्यं त्यात नाहीत. इथे बसून पुण्याच्या थेरपिस्टकडे झूमवर जाणारे मला बरेच माहितीयेत, भाषेचा प्रश्न सुटतो हे खरं, पण इन्शुरन्स एक डॉलर देत नाही, आणि काही बिनसलं किंवा मध्यरात्री इमर्जन्सी आली तर तुमचं कोणी नसतं.

आता आकडा बघा, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2015 च्या मोजणीत इथले 86 टक्के सायकॉलॉजिस्ट गोरे होते, एशियन सगळे धरून 5 टक्के. त्यातून भारतीय, त्यातून तुमच्या राज्यातला, त्यातून तुमचा इन्शुरन्स घेणारा आणि त्यातून संध्याकाळी सातची वेळ असलेला. गाळता गाळता हातात तीन नावं उरतात नि त्यातल्या दोघांची वेटिंग लिस्ट असते. साउथ एशियन थेरपिस्टच्या वेगळ्या डिरेक्टरी आहेत, न्यू जर्सीत सॅमहिनसारखी संस्था आहे, तिथून सुरुवात करा. पण सगळं त्यावर टाकू नका.

एक गोष्ट वाचून मला धक्का बसला होता. न्यू यॉर्कमध्ये 320 थेरपिस्टना अपॉइंटमेंट मागणारे व्हॉइसमेल पाठवून एका संशोधिकेने प्रयोग केला, 2016 ला छापून आला. निरोप तोच, इन्शुरन्स तोच, फक्त नाव आणि बोलण्याची ढब वेगळी. मध्यमवर्गीय गोऱ्या आवाजांना 28 टक्के वेळा वेळ देऊ म्हणून उत्तर आलं, मध्यमवर्गीय ब्लॅक आवाजांना 17 टक्के, आणि कामगारवर्गाच्या ढबीला, रंग कुठलाही असो, 8 टक्के. हा प्रयोग देसी नावांवर नव्हता. पण त्यावरून मी एवढं शिकलो की दोघातिघांनी उत्तर दिलं नाही तर माझ्यातच काही खोट आहे असं मानून थांबायचं नाही. एकदम दहाबारा जणांना ईमेल टाका. इन्शुरन्सचं नाव, जमणाऱ्या वेळा, त्रास काय ते दोन ओळींत. आपला समाज तसाही ह्या दारात कमी जातो, 2007 मध्ये आलेल्या एका देशभरच्या सर्व्हेत वर्षभरात मनाच्या तक्रारीसाठी कुठलीही मदत घेतलेले एशियन अमेरिकन 8.6 टक्के निघाले होते, एकूण लोकसंख्येत ते 17.9 होते. दारापर्यंत पोचलाच आहात तर एका व्हॉइसमेलवर परत फिरू नका.

3. पंधरा मिनिटांचा फुकट कॉल

बहुतेक थेरपिस्ट हा देतात, आणि आपले लोक तो वाया घालवतात, कारण आपण इंटरव्ह्यू द्यायला गेल्यासारखे बसतो. तुम्ही घेणारे आहात. मी विचारलेले प्रश्न असे होते, तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

बाहेरून इथे आलेल्या लोकांबरोबर तुम्ही काम केलंय का, आणि त्यातून काय शिकलात?
माझ्या घरातली एखादी गोष्ट तुम्हाला कळली नाही तर तुम्ही काय करता?
आपले वंश वेगळे आहेत, ह्यावर तुम्ही पेशंटशी बोलता का, की पेशंटने काढलं तरच?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठ केलेलं असतं, सगळे हो म्हणतात. दुसरा आणि तिसरा प्रश्न खरे. "मी रंग बघतच नाही, माझ्यासाठी सगळी माणसं सारखी" असं उत्तर आलं तर मी धन्यवाद म्हणून फोन ठेवतो. मनाने चांगली माणसं असतात ही, पण जो रंग बघतच नाही तो तुम्हाला एअरपोर्टवर वेगळं का काढलं हे तरी कसं बघणार? "मला कळलं नाही तर मी विचारेन, पण तुम्हीच मला सगळं शिकवावं अशी अपेक्षा नाही, घरचा अभ्यास माझा मी करेन" असलं काही आलं तर पुढे जा. 1998 मध्ये टर्वालॉन आणि मरे-गार्सिया ह्या दोघी डॉक्टरांनी हाच मुद्दा मांडला होता, की दुसऱ्याची संस्कृती "येते" असं कधीच होत नसतं, आयुष्यभर विद्यार्थी राहायची तयारी आहे का एवढंच बघायचं.

4. पहिलं सेशन: घराचा नकाशा बरोबर न्या

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिल्या बाईंनी विचारलं, आईशी किती वेळा बोलता? म्हटलं रोज, सकाळी साडेसातला, ऑफिसला जाताना गाडीत. पेन हललं, काहीतरी लिहिलं. पैसे पाठवता का? हो, दर महिन्याला. परत पेन. भावाच्या मुलाचं कॉलेज कोणी ठरवलं? मी नि भावाने मिळून. पेन. तिसऱ्या सेशनला "बाउंड्रीज" हा शब्द आला आणि मग पुढे दर सेशनला येत राहिला, जणू आईचा साडेसातचा फोन हाच माझा आजार. अहो बाबा गेल्यापासून ती बाई एकटी आहे, तो फोन म्हणजे माझंही औषध आहे! पण हे मी बोललोच नाही, गुपचूप मान डोलावली. घरी येऊन बायकोजवळ चिडचिड केली.

त्यांचंही सगळं चुकत होतं असं नाही म्हणणार. प्रत्येक थेरपी कुठल्यातरी घरातून आलेली असते आणि त्या घरात "मी" म्हणजे एकटा माणूस. अ‍ॅलन रोलंड नावाचे अमेरिकन सायकोअ‍ॅनालिस्ट भारतात येऊन पेशंटांबरोबर काम करून गेले, त्यांनी मांडलं की तिथल्या माणसाचा "मी" कुटुंबासकट असतो. त्याच्याही आधी, 1922 मध्ये कलकत्त्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी काढणाऱ्या गिरींद्रशेखर बोसांनी थेट फ्रॉइडला, म्हणजे व्हिएन्नात बसलेल्या सायकोअ‍ॅनालिसिसच्या जनकालाच, पत्रातून कळवलं होतं की माझ्या भारतीय आणि युरोपियन पेशंटांमध्ये तुमची थिअरी सारखी दिसत नाही. बोसबाबू कधी व्हिएन्नाला गेले नाहीत, पत्रावरच भांडले. आपल्याला समोर बसून बोलायचंय, तेवढं तरी जमवू.

तर एक कागद करा. घरात कोण कोण आहे, कोण कोणावर अवलंबून, पैसे कुठून कुठे जातात, मोठे निर्णय कोणाला विचारून होतात, आणि ह्यातलं मला काय टोचतंय आणि काय अजिबात टोचत नाहीये. ती शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे थेरपिस्ट चुकीच्या दगडाला शेंदूर फासत बसत नाही. नाव कसं उच्चारायचं ते पहिल्याच मिनिटाला सांगा, दोनदा म्हणायला लावा, "इट्स ओके, एनीथिंग इज फाइन" म्हणू नका. शरीराचं जे होतंय ते सांगायला लाजू नका, छातीत धडधड, डोकं जड, पोटात कालवाकालव, आपल्याकडे दुःख आधी अंगावरच येतं आणि ते नाही सांगितलं तर समोरच्याला वाटतं ह्याला विशेष काही होत नाहीये. जे मराठी शब्द भाषांतरात मरतात ते मराठीतच बोला आणि मग दोन मिनिटं घेऊन उलगडा. मी घालमेल हा शब्द हाताने ढवळून दाखवला होता, चालतं.

आणि एक हुकमी पत्ता. 2013 मध्ये आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे सगळे ज्यावरून निदान करतात त्या जाडजूड पोथीत, कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू नावाची 16 प्रश्नांची यादी आहे. ह्या त्रासाला तुम्ही स्वतः काय म्हणता, घरच्यांना तो कसा सांगाल, असे प्रश्न असतात त्यात. फार कमी जण आपणहून वापरतात. तुम्ही नाव घेऊन मागू शकता, त्यात उद्धटपणा काही नाही.

गोपनीयतेचं पण त्याच दिवशी विचारून घ्या. बोललेलं बाहेर जात नाही, पण अपवाद असतात, आत्ता एखाद्या लहान मुलाला मारहाण होतेय असं कळलं तर त्यांना कायद्याने कळवावंच लागतं. "आमच्याकडे एखादी चापट देतातच" हे वाक्य गप्पांच्या ओघात टाकण्याआधी नियम माहिती असलेला बरा.

5. वंशाचा विषय कोणी काढायचा

खरं तर त्यांनी. नॉर्मा डे-वाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 पासून ह्याला ब्रोचिंग असं नावच दिलंय, म्हणजे थेरपिस्टने आपणहून दार उघडायचं, पेशंट बोलेल ह्याची वाट बघत बसायचं नाही. पण तीन सेशनमध्ये त्यांनी नाही काढला तर तुम्ही काढा. वाक्य एवढंच: "मी भारतीय, तुम्ही गोऱ्या, मला वाटतं ह्यामुळे मी काही गोष्टी तुमच्यापासून लपवतोय." आणि मग गप्प बसा. पुढचं वाक्य त्यांचं.

लपवतो काय? मी सांगतो मी काय लपवलं. बाबा मारायचे. पट्ट्याने वगैरे नाही, पण हात सणसणीत होता. हे मी अकरा सेशनमध्ये एकदाही बोललो नाही, कारण गोऱ्या बाईसमोर मला भारतातल्या बापांची अब्रू राखायची होती! तासाला पैसे भरून मी तिथे देशाचा राजदूत होऊन बसायचो, इंग्रजीचे अ‍ॅक्सेंट सांभाळत, आमच्याकडे किती प्रेमळ कुटुंबं असतात ते सांगत. वेगळ्या वंशाच्या थेरपिस्टसमोर असं शहाण्या मुलासारखं वागणं खूप जण करतात. समोरच्याला तुम्ही एकदम ठीकठाक दिसता आणि तुम्हाला वाटतं थेरपीचा काही उपयोग नाही.

आता दुसरी बाजू, जी आपल्यात कोणी बोलत नाही. इन्शुरन्सच्या लिस्टमध्ये पुढची थेरपिस्ट ब्लॅक होती. फोटो बघितला नि माझं बोट आपोआप खाली स्क्रोल झालं. शिकलेला माणूस मी, नोव्हेंबरात मत कोणाला द्यावं ह्यावर ज्ञान देणारा. मग संध्याकाळी सातची वेळ फक्त तिच्याकडेच होती म्हणून परत वर आलो, हे खरं कारण. पाचव्या सेशनला कसाबसा हे तिला बोललो, घाम फुटला होता. ती जराही दचकली नाही. म्हणाली, "फोटोत तुला काय दिसलं?" आणि त्या एका प्रश्नावरून आम्ही कुठे पोचलो तर माझ्या आत्याकडे, जी मला लहानपणी उन्हात खेळू द्यायची नाही, आधीच सावळा त्यात आणखी काळवंडशील म्हणून, आणि माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बायोडेटाकडे, ज्यात आईने "निमगोरा" लिहिलं होतं. निमगोरा! हे सगळं गोऱ्या बाईकडे कधी निघालंच नसतं, आणि देसी थेरपिस्टला ते इतकं ओळखीचं वाटलं असतं की तिने विचारलंच नसतं.

कावळ्याचंही इथेच झालं. मी तेच मोडकं वाक्य बोललो, राइस बॉल वगैरे. तिने सुंदर विधी म्हटलं नाही. तिने विचारलं, कावळा कशासाठी थांबला होता असं तुला वाटतं? मी बराच वेळ काही बोललो नाही आणि मग म्हणालो, व्हिसासाठी. दोघं हसलो, आणि त्यानंतर मला जे रडू आलं ते दहाव्यालाही आलं नव्हतं.

6. ते चुकतात तेव्हा

चुकणारच. तुमचं अरेंज्ड मॅरेज का, मग प्रेम कसं जमलं? तुम्ही लोक मेडिटेशन करतच असाल ना? तुमच्या कल्चरमध्ये बायकांना बोलायची परवानगी असते का? ह्याला मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हणतात, शब्द 1970 चा, हार्वर्डचे ब्लॅक सायकियाट्रिस्ट चेस्टर पियर्स ह्यांचा. एकेकटी गोष्ट क्षुल्लक असते, तक्रार करावी तर आपणच चिडके ठरतो, म्हणून माणूस गिळतो.

2014 च्या एका अभ्यासात ओवेन आणि सहकाऱ्यांनी एका युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरमधल्या अल्पसंख्याक वंशांच्या 120 पेशंटना विचारलं, त्यातल्या 53 टक्के जणांना स्वतःच्या थेरपिस्टकडून असं काही ना काही ऐकावं लागलं होतं. त्यातल्या जवळपास 76 टक्के जणांचं त्यावर सेशनमध्ये बोलणंच झालं नव्हतं. आणि ज्यांचं बोलून नीट मिटलं त्यांचं थेरपिस्टशी नातं, ज्यांना असं काही ऐकावंच लागलं नव्हतं त्यांच्याइतकंच चांगलं होतं. हा अभ्यास मला पहिल्या थेरपिस्टच्या वेळी माहिती असायला हवा होता.

कसं बोलायचं: त्याच सेशनला जमलं तर उत्तम, नाहीतर पुढच्या सेशनच्या पहिल्या पाच मिनिटांत, शेवटच्या पाचात नाही, कारण मग वेळ संपली म्हणून विषय तसाच लोंबकळत राहतो. "मागच्या वेळी तुम्ही अमुक म्हणालात, ते मला टोचलं, कारण माझ्यासाठी ते असं असं आहे." समोर बसून जीभ उचलत नसेल तर ईमेल करा. मग उत्तर नीट ऐका. "माझा तसा उद्देश नव्हता" म्हणून लगेच समजवायला लागली तर एक संधी अजून द्या. खूपच माफी मागायला लागली, डोळे भरून आले आणि शेवटी तुम्हीच "नो नो, इट्स ओके" करत तिची समजूत घालत बसलात, तर तो तुमचा तास तिच्यावर खर्च झाला, हे पुढच्या वेळी सरळ सांगा. आणि "अजून सांगा, मी कुठे चुकले" असं विचारून ऐकून घेतलं तर त्या थेरपिस्टला सोडू नका, अशा कमी असतात.

सगळ्याच अस्वस्थतेला वंशाचं लेबल लावू नका हेही म्हणतो. काही प्रश्न टोचतात कारण ते बरोबर जागी लागतात. बाउंड्रीजवर मी तेव्हा चिडलो, पण काकांना पैसे पाठवायचं मी नंतर बंद केलं, आणि ते बरं झालं.

7. देसी थेरपिस्ट म्हणजे सगळं सोपं, असं नाही

मधे गेलो होतो त्या थेरपिस्ट भारतीय होत्या, हिंदीत बोलायचो. पहिली पंधरा मिनिटं माहेरी आल्यासारखं वाटलं, दहावा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. पण नंतर "आडनावावरून तुम्ही म्हणजे..." असं अर्धवट वाक्य आलं. आपल्याला सगळ्यांना माहितीये त्या अर्धवट वाक्याचा उरलेला अर्धा काय असतो. फॉर्मवर वंशाचा रकाना दोघांचा एकच, एशियन, आणि तरी मधे सगळं अंतर. सिएटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली ती उगाच नाही. शिवाय आईचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, आई आहे हो ती, समजून घ्या. समजून घेण्यासाठी मला पैसे भरायची काय गरज, ते मावशी फुकट सांगते.

समाज छोटा असेल तर कोण कोणाला ओळखतं हेही बघा. थेरपिस्टच्या घरचे तुमच्याच मंडळात नाटकात काम करत असतील तर कठीण आहे, आधीच विचारा, मंडळात किंवा देवळात भेट झाली तर आपण काय करायचं?

नुसत्या कातडीने भागत नाही ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण फ्रान्झ फॅननचं. मार्टिनिक बेटावरचा ब्लॅक सायकियाट्रिस्ट, फ्रान्समध्ये शिकलेला, 1953 मध्ये अल्जीरियातल्या ब्लिदाच्या हॉस्पिटलात रुजू झाला. युरोपियन बायकांच्या वॉर्डात त्याने सिनेमा, छोटं वर्तमानपत्र, सण, हस्तकला सुरू केली, वॉर्ड जिवंत झाला. तेच मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात केलं तर सपशेल फसलं, त्याला अरबी येत नव्हतं, दुभाष्यामार्फत सगळं, आणि टोपल्या विणायला शेतकरी पुरुष बसेनात. मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने लिहून कबूल केलं की आम्ही फ्रेंच पद्धत जशीच्या तशी आणून लादली. आणि वॉर्डात कॉफीहाउस काढलं, त्यांचे सण सुरू केले, गोष्ट सांगणारा बोलावला. आधी मोकळेपणाने चुकलो म्हणायला जमलं, ते मला सगळ्यात मोठं वाटतं.

आई-बाबा इथे आलेले असताना

त्यांना दाखवायची वेळ आली तर तुम्ही दुभाषे होऊ नका. सुनेमार्फत सासू सुनेबद्दल काय सांगणार? सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटल आणि क्लिनिकना 1964 च्या सिव्हिल राइट्स कायद्याखाली भाषेची सोय करावी लागते, फोनवरचा मराठी दुभाष्या अपॉइंटमेंट घेतानाच मागा, आयत्या वेळी हिंदीवाला देतात.

8. सोडायचं कधी आणि कसं

तुम्ही बोललात, परत बोललात, आणि तरी दर सेशनला त्याच जागी ठेच लागतेय, किंवा जायच्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा येतोय तो बोलायचंय त्यामुळे नसून त्या माणसामुळे येतोय, तर सोडा. गायब होऊ नका. आपण लोक फार गायब होतो, भिडेखातर. एक शेवटचं सेशन घ्या किंवा चार ओळींचा ईमेल करा, का सोडतोय ते लिहा, पुढच्या थेरपिस्टकडे रेकॉर्ड पाठवायला सांगा, तुमचे रेकॉर्ड मागायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे, त्यांच्या खाजगी नोट्स मात्र त्यात येत नाहीत. जुनी सोडायच्या आत नवीन अपॉइंटमेंट हातात ठेवा, मधे दोन महिने रिकामे गेले की परत सुरू होत नाही.

मी पहिल्या बाईंना ईमेल केला होता. कावळ्याचं लिहिलं, आईच्या फोनचं लिहिलं, बाबांच्या हाताचं पण लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, पाचसहा ओळी होत्या, की कावळ्याशी मी थांबायला हवं होतं, मला कळलं नव्हतं आणि मी ते लपवलं, ह्याबद्दल सॉरी. वाचून वाटलं, अरे ही तर चांगली थेरपिस्ट आहे. पण तोवर सातची वेळ बुक करून झाली होती, आणि त्याच आठवड्यात अकराव्या सेशनच्या कोपेचं, म्हणजे इन्शुरन्स सोडून माझ्या वाट्याचं, 40 डॉलरचं बिल पोस्टाने आलं, ते भरलं.